खांबाचा वेगळा कागद

“लिहून द्या,” म्हणत बाई स्वतःचं पेन समोरच्यापुढे धरत. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, खिडकीमागचा कारकून ‘हे होत नाही’ म्हणाला, की पर्समधून पेन बाहेर आलंच. निम्म्या वेळा तेवढ्यावरच काम होऊन जाई. नाही म्हणायला माणसं तयार असतात, खाली सही करायला नसतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत त्या तीस वर्षं कस्टम्सची कागदपत्रं करत होत्या. शनिवारी शाळेच्या जिममध्ये आमच्या मुलांना दोरावरचा मल्लखांब शिकवत. म्हणून सगळे त्यांना बाई म्हणायचे. माझी नऊ वर्षांची मुलगी मला डचमध्ये उत्तरं देते, पण बाईंशी मात्र बिनतक्रार मराठीत बोलायची. मी आयटीतला, पुण्याचा, आणि समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळा होणारा.

एकदा त्यांच्या ऑफिसात एका फ्रेंच गिऱ्हाइकाचा चेक आला. इथे चेक कोणी बघत नाही, त्यामुळे पोरं त्याचे फोटो काढत बसली. त्यावर आकड्यांत एक रक्कम होती आणि अक्षरांत दुसरीच. परत पाठवा, असं साहेब म्हणाले. बाईंनी फ्रेंच कायदा काढून दाखवला, की अशा वेळी अक्षरं खरी धरतात. फ्रेंच त्या कागद वाचून वाचूनच शिकल्या होत्या. उच्चार भयंकर होते, पण कलमं पाठ.

मग त्यांनी खांब मागवायचा ठरवला. साताऱ्याला माझा मोठा भाऊ असतो, त्यानं सागवानी खांब घडवून घेतला. पेटी स्वस्तात यावी म्हणून ती फ्रान्सच्या बंदरातून यायची होती. तिथल्या कस्टम्सनं तपासणीसाठी अडवली. माल उघडताना मालकाला हजर राहता येतं, असं बाई म्हणाल्या, आणि मला गाडी काढायला लावली.

शेडमध्ये पेटी उघडली आणि मी डोळे मिटले. दादानं खांबाची साग्रसंगीत पूजा करून तो पाठवला होता. आंब्याच्या डहाळ्या, नारळ, झेंडूचा हार, वर मूठभर अक्षता. पाठवताना फोनवर त्यानं मला हे सांगितलंही होतं, आणि मी ‘छान’ म्हणालो होतो. मला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं.

अधिकारी तरुण होता, सभ्य होता. परवान्याशिवाय झाडपाला आणलाय, तेव्हा सगळंच नष्ट करावं लागेल, हक्क सोडल्याचं इथे लिहून सही करा, असं त्यानं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी पानं, नारळ, हार, तांदूळ स्वतःच्या हातानं काढून टेबलावर ठेवले. हे घ्या, म्हणाल्या, चूक आमची आहे. खांब मात्र घोटलेला आहे, त्याला साल नाही, त्याचा कागद वेगळा करा. हे क्रीडासाहित्य आहे.

कुठला खेळ, त्यानं विचारलं. त्यानं मान्य खेळांची यादी पाहिली. तीत हा नव्हता.

“यादी तुमची आहे,” बाई म्हणाल्या. “खेळ आमचा आहे.”

मग झाडपाल्याचा तपासनीस उद्या येईल, तोवर थांबा, नाहीतर सही करा, असं तो म्हणाला. मी पेन काढलं. दुसरा मागवू, बाई, मी म्हणालो. मला खरंच शरम वाटत होती आणि घरी जायचं होतं.

बाई खुर्ची ओढून पेटीजवळ बसल्या. माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाल्या, “मी तुझ्या मुलीएवढी होते तेव्हा मला सांगितलं, पोरींनी दोरावर चढायचं, खांब पोरांचा. तेव्हा ऐकलं मी. एकदा ऐकलं, पुरे झालं.”

मी पेन खिशात ठेवलं. आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. त्यानं खांब इंच इंच ठोकून पाहिला, भिंग लावून पाहिला, आणि सोडला. जप्तीच्या कागदावर बाईंनी नारळाची वेगळी नोंद करून घेतली.

खांब जिममध्ये उभा राहिला त्या शनिवारी एका वडलांनी सुचवलं, आधी मुलग्यांना चढू द्या, त्यांना जमेल. बाईंनी त्यांना कोपऱ्यातल्या गाद्या आणायला पाठवलं आणि मुलींची रांग लावली. माझी मुलगी तिसरी होती. तिनं खांबाला पायांची अढी मारली, घसरली, पुन्हा मारली.

या वसंतात बाई गेल्या. हृदय अचानक बंद पडलं. शनिवारचा वर्ग आता आम्ही पालकच कसाबसा चालवतो. मला त्यांची फार आठवण येते.

पण मला त्या दिसतात त्या खांबाच्या पहिल्याच शनिवारच्या. मुलं गेली होती. मी गाद्या गोळा करत होतो. बाईंनी बूट काढले, हाताला एरंडेल चोळलं आणि मला म्हणाल्या, मागे उभा राहा. सदुसष्टाव्या वर्षी, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली बाई खांबाला मिठी मारून वीतभर वर सरकली, मग आणखी वीतभर. पाय जमिनीपासून जेमतेम हातभर सुटले होते. दंड थरथरत होते. मी खालून हात पसरून उभा होतो.

“उतरवू का, बाई?” मी विचारलं.

“नाही.”

थोड्या वेळानं मी पुन्हा विचारलं. त्यांनी गाल खांबाला टेकवला होता.

“हात काढ,” त्या म्हणाल्या.