बंदुका ठेवायला जागा

बंदुका विकणाऱ्यांना आणि बंदुकीने घरचं माणूस गेलेल्यांना मी एकाच वेळी, एकाच खोलीत बोलावलं. ऑस्ट्रेलियात, कॅनबेऱ्यातल्या एका सरकारी डिपार्टमेंटमध्ये मी आयटीचा कॉन्ट्रॅक्टर. बैठकांची आमंत्रणं पाठवायचं काम माझ्याकडे. सकाळची यादी वेगळी, दुपारची वेगळी. मला वाटलं, कुणीतरी चुकून दोन केल्यात. आमच्या उमरग्यात कार्याला अर्ध्या भावकीला वेगळं बोलावलं तर उरलेले दहा वर्षं तोंड बघत नाहीत. म्हणून मी याद्या जोडल्या आणि स्वतःवर खूश झालो.

लिफ्टमधून सगळे एकदमच बाहेर आले, तेव्हा चित्राताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रिंटरमागे जाऊन कागद भरू लागलो. तो भरलेलाच होता.

चित्रलेखा देशकर, मूळची अकोल्याची. गुंगालिन उपनगरातल्या तिच्या घरात मागची खोली माझी, त्यामुळे ऑफिसात नुसती चित्रा आणि घरी ताई. ती कायद्यांचे मसुदे लिहिते. लिहिण्याआधी ज्यांना तो कायदा लागणार त्या सगळ्यांना विचारते. बंदुकवाल्यांना कशाला विचारायचं म्हणून तिची लेक सावनी एकदा जेवताना चिडली होती, "बट मम, दे सेल देम!"

"म्हणूनच," ताई म्हणाली. "त्या बंदुका ज्याच्या तिजोरीत ठेवायच्या, त्याला न विचारता लिहिलं तर ते नुसतं लिहिलेलंच राहतं. भात घे."

या वेळी सगळं एका कलमावर अडलं होतं. बायकोच्या जवळ जायला कोर्टाने मनाई केली की नवऱ्याच्या बंदुका त्याच दिवशी उचलायच्या, असं ताईला हवं होतं. आत्ता त्याला महिन्याची मुदत मिळते. दुकानदारांच्या संघटनेचं म्हणणं, पोलिसांकडे जागा नाही, आमच्याकडेही नाही, मग उचलून ठेवणार कुठे?

ताई एका गटाला दुपारी या म्हणू शकली असती. पण लॉरेन नावाच्या बाई पहाटे निघून, लांबून गाडी चालवत आल्या होत्या. त्यांची मुलगी त्या महिन्याच्या मुदतीतच गेली. ताईने दोन्हीकडच्यांना विचारलं, "एकत्र बसाल?" बसले.

ग्रॅहम नावाचा गावाकडचा दुकानदार कागदावरून वाचू लागला. लॉरेन म्हणाल्या, "ते राहू दे. तुझ्या दुकानात मागे किती मावतील?"

ग्रॅहमने कागद खाली ठेवला. "चाळीसेक. अर्धी तिजोरी रिकामीच असते."

"आणि बाकीच्यांची?"

"बऱ्याच जणांची." शेजारी बसलेल्या संघटनेच्या सेक्रेटरीने त्याचं कोपर दाबलं, तोवर बोलून झालं होतं.

मग लॉरेन बोलल्या. "माझ्या मुलीने पोलिसांना विचारलं होतं, त्याच्या बंदुका कधी नेणार? ते म्हणाले, अजून त्याची मुदत आहे." पुढचंही त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

घरी जाताना ट्रॅममध्ये ताई म्हणाली, "यतिन, तुझ्या गाढवपणाने माझं कलम झालं रे."

"मग बढती दे."

"आधी याद्या वाचायला शीक."

आठवडाभरात संघटनेची तक्रार आली. कुठल्या दुकानात किती बंदुका मावतात हे चोरांच्या कामाचं, म्हणून बंद दाराआड बोलायचा शब्द आम्ही त्यांना दिला होता; आणि खोलीत बाहेरची माणसं बसलेली. तक्रार खरी होती. वरच्यांनी ती बैठक झालीच नाही असं ठरवलं. ग्रॅहमचं बोलणं गेलं, लॉरेनचंही गेलं. मी ताईच्या साहेबाला सांगितलं की याद्या मी जोडल्या. तो म्हणाला, "नो वरीज, मेट. बसवलं तिने."

बैठका पुन्हा झाल्या, वेगवेगळ्या. ग्रॅहम आला नाही. त्याच्या जागी वकील आला आणि 'जागा अपुरी आहे' असं लेखी देऊन गेला. लॉरेनना पुन्हा बोलावलं. त्यांनी कळवलं, "एकदा सांगितलं. परत सांगायला जमणार नाही."

मसुद्यात महिना तसाच राहिला. ताईला मासेमारीच्या परवान्यांकडे हलवलं.

"मासे तरी तक्रार करणार नाहीत," मी म्हणालो. ती हसली नाही.

मसुदा जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी तिने स्वयंपाकघरातून लॉरेनना फोन केला. जे झालं ते न सजवता सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मग त्या म्हणाल्या, "मी जे बोलले ते लिहून घेतलं होतंस ना? तेवढं पान मला पाठव. मला आता आठवत नाही मी काय बोलले."

"पाठवते," ताई म्हणाली.

सरकारी हिशेबाने ते पान नाहीच. ताईच्या बॅगेत मात्र आहे. बाहेर दिलं तर नोकरीवर गदा येईल, आणि सावनीच्या युनिव्हर्सिटीची दोन वर्षं बाकी आहेत. थंडी गेली, कायदा पास झाला. परवा मी विचारलं, "ताई, पाठवलंस?"

"पाठवते रे," ती म्हणाली, आणि पोळ्या लाटत राहिली.