पिवळ्या चिठ्ठ्या

आमच्या सर्व्हर रूममध्ये चार कंपन्यांचे राउटर आहेत. प्रत्येकाच्या कपाळावर आमच्यातल्या सर्वांत अनुभवी शैलाताईंची पिवळी चिठ्ठी होती: याला कोणत्या शब्दांत सांगितलं की कळतं. चौघांनाही कळेल असा आज्ञांचा एकच साचा ठरवायला आम्ही सहकारी दोन वर्षं भांडलो. माझा एकही लाडका शब्द त्यात टिकला नाही.

आज एकच आज्ञा सोडली आणि चौघांनीही ती ऐकली! आम्ही ओरडत होतो, तोवर ताई शांतपणे चिठ्ठ्या काढू लागल्या.

“असू देत की, आठवण म्हणून,” मी म्हटलं.

“कशाला? आता पाठ करायचं काही उरलं नाही.”

एकमेकांना समजायचं तर आपापला शब्द असा सोडावाच लागत असेल. शेवटची चिठ्ठी ताईंनी मला काढायला लावली. खाली धूळ न बसलेला लख्ख चौकोन निघाला. हरल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.