राखेखालचे वाल

कुठलंही पाकीट हातात घेतलं की मी आधी त्याच्यावरची तारीख वाचते, आणि घरी आणल्यावर पुन्हा वाचते. घरातले चिडवतात, "हिला दुकानात सोडली की पंचांग बघत बसते." मी हसून घेते. माझ्या हातचं किडकं एकदा दुसऱ्याच्या पोरांच्या पोटात गेलंय, हे त्यांना मी कधी सांगितलेलं नाही.

रोह्याजवळच्या आमच्या गावात पावसाळ्याच्या बेगमीला आगोट म्हणत. ओढे भरले की रस्ता कधी बुडेल याचा नेम नसे, आणि एसटी बंद झाली की आठवडाभर फिरकत नसे. म्हणून मे महिन्यातच घर भरून ठेवायचं. भात आमचं होतं, वाल आमचे होते. सुकट आणि मीठ मात्र पेणच्या खाडीकडून यायचं, एका मावशीकडून. ती आईची सख्खी बहीण नव्हे. मिठागरात राबणाऱ्या घरातली बाई, पण दोघींची ओळख माझ्या जन्माआधीपासूनची. अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी दोघी रामवाडीला हायवेच्या कडेला भेटायच्या. आई वालाचा डबा द्यायची आणि मावशी सुकटीची न मिठाची गोण. माप काढायचं नाही, आणि समोरचीने दिलेल्यात हात घालून तळ बघायचा नाही, असा त्यांचा रिवाज होता. "हात घातलास तर तिचा अपमान," आई म्हणायची. द्यायचं ते चांगलं द्यायचं आणि घरात उरलंसुरलं ठेवायचं, हा आईचा स्वतःचा रिवाज.

वाल टिकवायचे तर त्यांना राख लागते. तीन कडक उन्हं द्यायची, चुलीतली राख बारीक चाळायची, ती वालाला चोळायची आणि थराथराने डबा भरायचा. मग भुंगा लागत नाही. ही गोष्ट नव्वदीच्या मध्यावरची. त्या वर्षी मार्चमध्ये घरचे दोन डबे भरून झाले आणि आई अंगणात घसरून पडली, पाय मोडला. खाडीकडचा तिसरा डबा माझ्या अंगावर आला. मी एकोणीस वर्षांची होते आणि रोह्याला टायपिंगच्या क्लासला जात होते. त्या क्लासचा मला फार तोरा होता. आईने खाटेवरून बजावलं, "तीन उन्हं दे. वाल किडले तर क्लास बंद, सांगून ठेवते."

मी एक ऊन दिलं. दुसऱ्या दिवशी क्लास होता, तिसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या बहिणीची हळद. राख चाळताना नाकातोंडात जाते, केसांत बसते, म्हणून तीही न चाळता वरवर भुरभुरवली आणि डब्याला झाकण लावून मोकळी झाले. आळसाला निमित्तं काय, हवी तेवढी मिळतात.

मेमध्ये, निघायच्या आदल्या दिवशी, डबा उचलताना आतून बारीक कुरकुर ऐकू आली. झाकण काढलं तर भुंगे चालत होते. एकेका वालाला टाचणीच्या टोकाएवढं भोक, काहींना तर दोन-दोन.

घरात दोन चांगले डबे होते. त्यातला एक मावशीला नेता आला असता, पण मग किडका घरात राहिला असता आणि पावसात वालाचं पहिलं बिरडं करताना आईला कळलं असतं. खरं तर सरळ आईला सांगायचं होतं. दोन शिव्या खाल्ल्या असत्या, क्लास गेला असता, एवढंच. त्याऐवजी मी गोठ्यामागे बसून वाल चाळले, भुंगे उडवून लावले आणि पुन्हा राख चोळली, या वेळी चांगली चाळून, भरपूर. राख लावली की चांगला वाल आणि किडका वाल सारखाच दिसतो. शिवाय घरच्या डब्यातले चांगले वाल दोन शेर काढून वर पसरले. आईने विचारलं, "खाडीकडचा नीट भरलास ना गो?" मी म्हटलं, "व्हय."

रामवाडीला मावशी माझ्या आधीच येऊन बसली होती. आई पडल्याचा निरोप तिला आधीच पोचला होता, तरी मला एकटीला बघून तिचा चेहरा उतरला. "आयचा पाय कसा हाय गो?" तिने विचारलं, आणि गोणीबरोबर बोंबलांची एक जुडी काढली. "ही तुझ्या आयला वेगली बांधलीय. कालवन करून घाल तिला, ताकद येल." माझा डबा तिने उघडलाच नाही. झाकणावर हात ठेवला, कपाळाला लावला आणि डोक्यावर घेतला. मला तेव्हा लाज वाटली असं लिहायला आवडलं असतं. पण वाटली नाही. सुटले बाई एकदाची, एवढंच वाटलं, आणि परतीच्या एसटीत मी चक्क झोपले.

श्रावणात उधाणाच्या भरतीला खाडीचा बांध फुटला. मोठा भाऊ डोलवीला कंपनीच्या कामावर ठेकेदाराकडे होता, तो शिफ्ट संपवून घरी आला तो ही बातमी घेऊन. मावशीच्या गावात घराघरांत खारं पाणी शिरलं होतं आणि रस्ता तुटला होता. आई पाय ओढत ओटीवर आली. "तिची पोरं काय खात असतील?" भाऊ म्हणाला, "उद्या आमच्या कामावरची मानसं टेंपोतून तांदूळ नेतायत. काय द्यायचं तर दे."

आईने पायलीभर तांदूळ काढायला लावले. भावाने विचारलं, "वाल?"

"वाल तिच्याकडं हायत," आई म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. "आपला डबा तिच्या माळ्यावर असतो, पानी नाय पोचायचं. आपले वाल असताना ती पोरांना उपाशी नाय ठेवायची."

मी चुलीपाशी भाकरी थापत होते. 'थोडे वालही देऊ या' एवढे चार शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. खरं सांगायचीही गरज नव्हती. पण आईने 'का?' विचारलं असतं, आणि त्या एका 'का'ला भिऊन मी गप्प बसले. किडके वाल दिले तेव्हा मी एकोणीस वर्षांची आळशी पोर होते, असं स्वतःला समजावता येतं. त्या संध्याकाळचं काही समजावता येत नाही. भाकरी करपली, तेवढ्यावरून आई ओरडली, आणि मला ते ओरडणं बरं वाटलं.

पुढच्या वर्षी मी न सांगता पाच उन्हं दिली. एकेक वाल निवडला. आईचा पाय अजून लंगडत होता, म्हणून मेमध्ये रामवाडीला मीच गेले. मावशी वाळली होती, पण तिची गोण नेहमीपेक्षा मोठी होती, आणि वर सोड्यांची एक पिशवी होती. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, महागाची वस्तू. एवढी आम्हाला कधीच मिळाली नव्हती.

"मावशी, एवढं कशाला? तुमचं घर तर..."

"घर उभं रायलं, पोरं रायली," ती म्हणाली. "भात भिजला, सुकट कुजली, मिठाची रास तर नुसती वाहून गेली. माल्यावर तुमचे वाल तेवढे व्हते. पागोलीचं पानी धरलं न भिजत घातले." मग ती थांबली. माझ्याकडे न बघता गोणीची दोरी उगाच आवळत म्हणाली, "निम्मे पोकल निघाले, वर आले. ते कोंबड्यांना टाकले. खाली रायले ते पोरांना पुरवून पुरवून चार दिस घातले, मग तुमचे तांदूल पोचले."

मी सोड्यांची पिशवी परत तिच्याकडे सरकवली.

"गेल्या साली तुमचं वालाचं पीक बुडालं ना गो?" मावशी हळूच म्हणाली. "तुझी आय मेली तरी बोलायची नाय. घरात धड नसताना बी माझा डबा तिने भरून धाडला, वरती चांगले घालून. मना कललं. म्हनून यंदा जरा जास्ती घातलंय. आयला यातलं काय बोलू नको हां, तिला लाज वाटंल."

माझी चोरी तिने आईचा मोठेपणा म्हणून घेतली होती. तिच्या पायांवर डोकं ठेवून सगळं ओकून टाकावं असं वाटलं. एसटी आली नव्हती, कुणी हाक मारत नव्हतं, वेळ भरपूर होता. मी मान हलवली आणि म्हटलं, "व्हय मावशी. वाईट साल होतं."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. नवा डबा न उघडता डोक्यावर घेतला. एकदा तरी झाकण काढ, मूठ घालून बघ, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

घरी आईने सोडे परातीत ओतले आणि बघतच राहिली. "तिचं घर पान्यात गेलं न ती आपल्याला जास्त देते? काय बोलली ती?"

मावशीने आईचा मान राखायला जे सांगू नको म्हटलं होतं, त्याच्या आड मी पुन्हा लपले. "म्हणाली, तुमच्या वालांवर पोरं जगली."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच बोलताना माझी जीभ अडखळली नाही. आईने पदर डोळ्यांना लावला. संध्याकाळी बिरड्यात सोडे घातले आणि पहिली वाटी मला वाढली. शेजारणीला कुंपणावरून सांगत होती, "खाडीकडच्या पोरांना हिच्या हातच्या वालांनी तारलं. मी पडलेली ना, हिनेच भरले होते." आईने माझं असं कौतुक त्याआधी कधी केलं नव्हतं. मी वाटी रिकामी केली.

त्या दिवसापासून खाडीकडचा डबा कायमचा माझ्याकडे आला. लग्न होऊन गेल्यावरही उन्हाळ्यात मी माहेरी यायची ती त्यासाठीच. आई जाईपर्यंत मी तो भरला, दर वर्षी पाच उन्हं देऊन. मावशीने एकदाही हात घालून तळ बघितला नाही.