गाठ न मारलेली माळ

मी तुळजापूर सोडलं ते बैलगाडीनं. सोलापूरला मोटारी जात होत्या, पण अब्बांना तिथून कवड्यांची पोती आणायचीच होती. जाताना पोरगं न्यावं, येताना माल आणावा, एका खेपेत दोन कामं. मी ट्रंकेवर बसलो आणि अम्मा दुकानाच्या पायरीवर हातात एक माळ घेऊन उभी राहिली. रडली नाही. माळ वर करून दाखवली आणि म्हणाली, "ही तुझी, रशीद. गाठ मारली न्हाई अजून. तू शिकून घरी आल्यावर मारीन."

अब्बा चमकले. गाठ न मारलेली माळ दुकानात रात्रभर ठेवायची नाही, हा आमच्या आजोबांपासूनचा नेम. अम्मानं तो सगळ्यांदेखत मोडला आणि माळ दिव्याच्या वरच्या खिळ्याला दोन्ही टोकं गुंडाळून टांगली. अब्बांनी बैलांना हाक मारली.

आमचा धंदा पटवेकऱ्याचा. गोंडे, करदोडे, आणि मुख्य म्हणजे देवीच्या कवड्यांच्या माळा. आराधी यायचे, गोंधळी यायचे, नवरात्रात तर पायरीवर पाय ठेवायला जागा नसायची. माळ देवीची आणि ओवणारी मुसलमानाची बाई, यात कुणाला वावगं वाटल्याचं मला आठवत नाही. ओवायला काय, कुणालाही येतं. कसब सगळं गाठीत. देवीच्या दारात माळ सुटून कवड्या पांगल्या तर माणूस धसका घेतो, तेव्हा गाठ निरगाठच पाहिजे. अम्मानं मारलेल्या गाठीला कात्रीच लागायची. शिकायला बसलेल्या एखाद्या बाईनं सुरगाठ मारली, की अम्मा टोक धरून हिसका द्यायची. सगळ्या कवड्या भुईवर. वर विचारायची, "माळ ओवायलीस का नाडी बांधायलीस गं?"

तर त्या दिवशी आम्ही सोलापूरच्या वाटेला लागलो. हद्दीपाशी आल्यावर बैल आपणहून थांबले. तिथं निजामाच्या राज्यात करोडगिरीचा नाका होता. पलीकडं इंग्रजांचा मुलूख. पलीकडून माल आणला की पोती उतरवा, मोजा, जकात भरा. आणि पलीकडं जायचं तर आपला निजामी हाली रुपया बदलून इंग्रजांचा कलदार घ्या. आता राज्य विलीन होऊन वर्षं लोटली होती, चौकी ओस पडली होती, आत शेळ्या बसलेल्या. गंमत म्हणजे बैल थांबल्याबरोबर अब्बाही खाली उतरले आणि माझ्या वळकटीची दोरी सोडायला लागले! अर्धी सोडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. मग असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "बैलाला न्हाई कुणी सांगितलं, आन् मला बी न्हाई," म्हणाले.

अम्मानं नेम का मोडला, ते मला ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ, आमचा मामू, पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत मुंबईला म्हणून गेला आणि तिथून बोटीनं कराचीला. "जरा निवळलं की येतो," म्हणाला होता. सुरुवातीला खुशाली यायची, मग तीही थांबली. तेव्हापासून परदेश हा शब्द आमच्या घरात हळू आवाजात बोलला जायचा. आणि नेमका मी मुंबईला कॉलेजात शिकायला निघालो ते काय, तर परदेशी व्यापार! कवड्या देणाऱ्या सोलापूरच्या व्यापाऱ्यानं अब्बांच्या डोक्यात भरवलं होतं, की पुढं यालाच दिवस आहेत. अब्बांना त्यात कवड्या स्वस्तात मिळायची वाट दिसली. अम्माला बोट दिसली.

मुंबईच्या कॉलेजात माझी पहिली दोन वर्षं नुसती चाचपडण्यात गेली. शाळेची सुरुवात उर्दूत, पुढं मराठीत, आणि आता सगळं इंग्रजीत. प्राध्यापकांचं वाक्य मी आधी मराठीत घालायचो, मग उर्दूत उलथून बघायचो, तोवर ते तीन वाक्यं पुढं गेलेले असायचे. एकदा त्यांनी विचारलं, कस्टम्सचा नाका आतून कुणी पाहिलाय? गोदीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी मुंबईची पोरं गप्प. माझा हात वर.

"कोणत्या देशाच्या सीमेवर?"

"तुळजापूर आणि सोलापूरच्या, सर."

वर्ग फुटला हसून. पण प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं, पोती कशी उतरवायचे, रुपये कसे बदलायचे, सगळं सांगायला लावलं. शेवटी विचारलं, माल कसला असायचा? मी म्हणालो, कवडी. झालं! त्या दिवसापासून हॉस्टेलभर माझं नाव कवडीमोल. मला राग यायचा, पण खोटं कशाला सांगू, बरंही वाटायचं. नाव पडलं म्हणजे माणूस तिथला झाला.

प्राध्यापकांनीच मला कवडीच्या मागावर धाडलं. बंदराजवळच्या बाजारात एका कच्छी शेठजींनी पोत्यात हात घालून दाखवलं: ही आफ्रिकेच्या किनाऱ्याची, मोंबासाकडून येते. मी ती कवडी कितीतरी वेळ हातात धरून उभा राहिलो. आमच्या दुकानात जन्मभर समुद्रपारचा माल होता, आणि अब्बा-अम्मांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता.

सुटीत घरी गेलो तेव्हा माळ खिळ्यालाच होती, टोकं मोकळी, अंगावर धूळ. गिऱ्हाईक मागायचं, अम्मा म्हणायची, ती विकायची न्हाई. मी तिला माझा अभ्यास समजावून सांगायला बसलो. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे काय, तर दोन माणसं, एक इकडं, एक दर्यापार, एकमेकांचं तोंड न पाहिलेली. पण मधे बँक कागद करून देते, माल निघाल्याची कागदं दाखवली की दाम मिळणारच. कुणी कुणाला बुडवत नाही. अम्मा ओवता ओवता ऐकत होती. मग थांबली.

"कवडीसाठी एवढा बंदोबस्त," म्हणाली, "आन् माणूस जाताना का न्हाई करत असा कागद?"

परीक्षेत लेटर ऑफ क्रेडिटच्या प्रश्नाला मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते.

पदवी मिळाली आणि त्या शेठजींच्याच ओळखीनं मोंबासाच्या एका पेढीत नोकरी. अब्बा म्हणाले, "जा. रिझक, दाणापाणी जिकडं असंल तिकडं जावं माणसानं." अम्मा रात्री जेवली नाही. सकाळी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "जरा निवळलं की येतो, असं तेवढं म्हणू नको." मी म्हणालो, "अम्मा, तुम्ही माळ तशीच ठेवा. मी येणार."

आणि मी आलोही की! पण आलो तो लग्न ठरल्याचं सांगायला. सकीना मोंबासातच जन्मलेली, तिचे आईवडील तिथं, घर पाहून ठेवलेलं. सगळं एका दमात सांगून टाकलं. अब्बांनी मुबारक म्हणून गळ्याशी धरलं. अम्मा उठली, खिळ्यावरची माळ काढली, एकेक कवडी पदरानं पुसली. माझ्याकडं पाठ करून गाठ मारली, जादा दोरा दातानं तोडला आणि माळ माझ्या हातात ठेवली.

"घे. गाठ मारली की माळ दुकानाची न्हाई, गिऱ्हाइकाची."

ती रागावली असती तर परवडलं असतं. मी गिऱ्हाईक झालो, तेही माझ्याच पायरीवर. बोटीवर सगळा वेळ ती माळ ट्रंकेच्या तळाशी होती, मला बघवेना.

तुळजापुरात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखे दर्यापार आलेल्यांनो, हे सगळं मी आता का लिहितोय, तेवढं सांगतो. इथं दुकानाला दुका म्हणतात आणि कवडीला कौरी. भाकरीच्या जागी मक्याचा उगाळी आला. रुपयाचा शिलिंग झाला, पण पैसे बदलायची सवय मला लहानपणचीच. सगळं ठीक आहे हो. माळ मी शेवटी बैठकीच्या खोलीत टांगली होती. परवा सकीना धूळ झाडत होती, तिच्या बोटात दोऱ्याचं टोक आलं, तिनं सहज ओढलं, आणि सगळ्या कवड्या फरशीवर खळखळल्या.

मी आतून धावत आलो. अम्माची गाठ सुटली! अम्माची गाठ सुटत नसते, तेव्हा दोराच तुटला असणार. सकीना घाबरून तो वर धरून उभी होती. मी हातात घेऊन इकडून तिकडं फिरवून पाहिला. कुठंच तुटलेला नव्हता. टोकाजवळ फक्त फासाचा वाक उमटला होता. सुरगाठीचा.

पाठ करून मारली होती ती त्यासाठी. जी बाई शिकाऊ बायांची सुरगाठ दिसली की हिसका देऊन माळ भुईवर सांडायची, तिनं जन्मात एकदाच ती मारली, माझ्या माळेला. टोक ओढलं की मोकळी.

मी फरशीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. कपाटाखाली गेलेल्या कवड्या सकीनानंच शोधून दिल्या.

मग मी माळ पुन्हा ओवली. किनाऱ्यावर सापडलेली इथली एक कवडीही मधे घातली. तशी सगळ्याच इथल्या म्हणा. रमजान ईदच्या आत तुळजापूरला येतोय, सकीनाला घेऊन, अब्बांना सांगा. अम्माला माळेचं काही सांगू नका, मीच दाखवीन. मला निरगाठ चांगली येते, तिच्याच हाताखाली शिकलोय. पण मारलेली नाही.