रेणुकाचा पासवर्ड बरोबर होता

रेणुकाचं नुकसान मी केलं. मागच्या वर्षी, खंडेनवमीच्या सकाळी, हुबळीतल्या एका खासगी रुग्णालयाच्या सर्व्हरच्या खोलीत. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, युनियनमध्ये तर नाहीच. कंत्राटदारांची पापं चौकात उभी राहून मोजून दाखवणारी मी. माझं स्वतःचं एक मात्र गिळून बसले.

रेणुका अळणावरची. आम्ही दोघी तिथल्या संगणक विभागात, दोघी कंत्राटी. तिला काम मी शिकवलं. हे मुद्दाम सांगते, कारण पोटात दुखायला सुरुवात तिथूनच झाली. संगणक अडला की नर्सा विचारायच्या, "रेणुका एल्लि?" — कुठाय रेणुका. मी समोर उभी असताना. गेटवरच्या सभेसाठी पत्रक मी लिहिलं, वाचलं तिनं, आणि बायका गोळा झाल्या तिच्याभोवती. मग आमच्या विभागाचे साहेब म्हणाले, एकीला कायम करता येईल, रेणुकाचं नाव पाठवतोय. मी तिला मिठी मारली. पेढेही मीच आणले. आणि आतून जळत होते — याला दुसरा शब्द आहे का?

त्याच आठवड्यात तिनं एक नवी सर्व्हिस बसवली. सर्व्हिस म्हणजे पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्राम. ही पेशंटचे टोकन छापायची. आता नीट ऐका, कारण माझा गुन्हा इथेच आहे. तिथली सगळी यंत्रं एका डोमेनच्या, म्हणजे एकाच सामायिक जाळ्याच्या, हुकमात. कोणत्या खात्यानं सर्व्हिस चालवायची, याची यादी मुख्य सर्व्हरवर, ग्रुप पॉलिसीत — सगळ्या यंत्रांना लागू होणाऱ्या नियमांत. रेणुकानं खात्याचं नाव आणि पासवर्ड फक्त टोकनच्या सर्व्हरवर भरला. तेवढ्यानं परवानगी मिळते, सर्व्हिस चालूही होते — पण तात्पुरती. पॉलिसी अधूनमधून आपोआप पुन्हा लागू होते, की यादीत नसलेल्या खात्याची परवानगी पुसली जाते. चालू असलेली चालत राहते. एकदा बंद केली, की उठत नाही.

तिला हे माहीत नव्हतं. मी शिकवलंच नव्हतं. यादी मी उघडून पाहिली. त्या खात्याचं नाव नव्हतं. सांगायला काय लागलं असतं — एक वाक्य?

आणि खंडेनवमी तोंडावर. आमच्याकडे त्या दिवशी सर्व्हरचीही पूजा होते. यंत्र बंद करायचं, कुंकू लावायचं, शेवंतीचा हार घालायचा, दारात कोहळा फोडायचा, मग चालू करायचं. बंद होणार, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसले.

पूजा झाली. सर्व्हर उठला, सर्व्हिस उठेना. बाहेर खेड्यांतून पहाटे निघालेली माणसं टोकनसाठी ताटकळत. स्क्रीनवर एवढंच, की लॉग ऑन झालं नाही. साहेब कपाळावरचं कुंकू सांभाळत आत आले. "काय गं रेणुका, आजच्या दिवशीच?"

मी नोंदी उघडल्या. तिथे स्वच्छ लिहिलेलं — या खात्याला परवानगी नाही. मी ती खिडकी बंद केली. म्हणाले, "पासवर्ड चुकीचा टाकलाय हिनं."

"दोनदा बघून टाकला होता, अक्का."

"मग मी टाकून बघते."

तोच टाकला. तोच पासवर्ड. नव्यानं भरला की यंत्र पुन्हा तात्पुरती परवानगी देतं, हेही मला ठाऊक होतंच. सर्व्हिस उठली, टोकन सरसर बाहेर पडायला लागले. साहेब तिच्याकडे बघून म्हणाले, "एवढं साधं जमू नये?"

"असेल सर," ती म्हणाली. "माझंच चुकलं असेल."

सगळे प्रसादाला गेले, तेव्हा मी मुख्य सर्व्हरवरच्या यादीत त्या खात्याचं नाव घातलं. सर्व्हिस पुन्हा अडू नये म्हणून? छे. कुणाला कळू नये म्हणून.

कायम मी झाले. तिचं कंत्राट पुढे वाढवलं नाही.

आता ती दाजीबानपेठेत एका कापडाच्या दुकानात बिलं करते. मध्ये आमची पत्रकं घेऊन गेले, तर तिनं एक काउंटरवर चिकटवून घेतलं. बिलाचा एकेक आकडा ओठ हलवत पुन्हा पुन्हा तपासत होती. मी बघतेय हे पाहून हसली. "माझा हात चुकतो ना अक्का, तुला माहितीय की."

मी काय बोलले? मागण्यांच्या निवेदनाचा कागद पुढे केला. "इथं सही कर," म्हणाले.

भीती नव्हती, नाइलाज नव्हता. ती पुढे गेलेली मला बघवत नव्हती, एवढंच. परवासुद्धा, गिऱ्हाइकं तिच्याशीच बोलतायत हे बघून पोटात तीच कळ आली.

मी तुम्हाला कोप्पीकर रोडवर भेटेन. कंत्राटी कामगारांच्या मागण्यांचं पत्रक पुढे करीन. घेऊ नका. आधी सगळ्यांदेखत, मोठ्यानं विचारा — रेणुकाला सांगितलंस का?