अर्थिंगचा टाका

लेकीची इलेक्ट्रिक गिटार उघडली अन् मला शिसारी आली.

लेक सांगलीत ऑर्केस्ट्रात वाजवते. तिची आई गेल्यापासून मी सोल्डरगनला हात लावला नव्हता, म्हणून गिटार तिनं तिकडंच एका दुकानात दिली. आता ती नुसती घुरघुरत होती. ऑर्केस्ट्राच्या मालकानं तिला बजावलं, उद्याच्या कार्यक्रमात घुरघुर आली तर दुसरा वादक बघतो. ती सकाळच्या एसटीनं साताऱ्याला आली.

तारांवर हात ठेवला की घुरघुर थांबायला पाहिजे. थांबत नव्हती. म्हणजे तारांकडं जाणारी अर्थिंगची वायर सुटलेली. सुटलेली कसली, सडलेली! त्या दळभद्र्या दुकानदारानं बादल्यांना डाग द्यायचं तेजाब इथं लावलेलं. तांब्यावर हिरवा गंज, वर शेंबडासारखा लोंबणारा कथलाचा गोळा. थू!

मी सातवी शिकलो, फौजेत वायरलेस दुरुस्त केले. पत्रा खरवडायचा, तापवायचा, कथील पत्र्याला लावायचं, गनला नाही. निवेपर्यंत वायर हलता कामा नये. घरी वायर बायको धरायची, चिमट्यानं.

आता लेकीनं धरली. माझा हात थरथरला, कथलाचा थेंब तिच्या बोटावर पडला.

"आई गं!"

"हललीस?"

"मी न्हाई, तुमी हलताय आबा. द्या ती गन इकडं. चिमटा धरा."

धरला. चिमट्याला दोन्ही हात लागले. धरणाऱ्याला वाकून बघावं लागतं, अन् कथलातल्या राळेचा सगळा धूर त्याच्याच नाकातोंडात जातो. डोळ्यांची आग झाली. मला हे कधी ठाऊकच नव्हतं. वाऱ्यानं गन निवते म्हणून मी खिडकी उघडू देत नव्हतो. बायको डोळे चुरचुरतात म्हणायची. मी म्हणायचो, नाटकं बंद कर. एवढी वर्षं. त्या सांगलीवाल्यापेक्षा मी काय चांगला?

"आबा, खोकू नका, वायर हलंल."

श्वास कोंडून धरला. कथलाचा टाका बसला, लहान, चकचकीत. लेकीनं गिटार जोडली. घुर्र झाली. तारांवर तळवा ठेवला, गप्प.

"बगा! तुमच्यापरीस बरा हाय का न्हाई?"

"लय बरा हाय," मी म्हणालो अन् उठून खिडकी उघडली.