शास्त्रीबुवांचा श्रावण

सर्व संबंधितांस, आणि संबंध नसलेल्यांसही, गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की एके काळी सोलापुरात समुद्र होता. लांबी पाळण्याएवढी, खोली घागर बुडेल इतकी. ठिकाण : स्टेशनामागच्या एका बैठ्या घराची पुढची खोली. मालक : नाना हत्तूरकर, पार्सल ऑफिसातले हेडक्लार्क. साक्षीदार : मी, त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहणारा बँकेतला ब्रह्मचारी. त्या समुद्रात जे घडलं त्याला खूनसत्रच म्हणावं लागेल. खुनी सापडला त्या दुपारी घरात कुणालाच जेवण गेलं नाही. एक व्यक्ती सोडून.

नाना उंच, वाळलेले, उन्हात ठेवलेल्या पापडासारखे. कोट काळा, कानावर पेन्सिल. सगळी नोकरी पार्सलांत गेली, पण एकही पार्सल उघडून बघितलं नाही याचा त्यांना फार अभिमान. "आपण पार्सल उघडत नसतो, बँकवाले. लेबल वाचायचं आणि गाडीत चढवायचं." माणसांच्या बाबतीतही हाच कारभार. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला नखशिखांत वाचलं आणि आत हाक दिली, "विडी नाही, पत्ते नाहीत, रेडिओ आहे. ठेवून घ्यायला हरकत नाही!" पुढे तपकिरीची डबी माझ्या खिशातून त्यांच्यासमोर पडली, तरी त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. लेबल एकदा वाचून झालं होतं.

घरात नियम एकच, पण तो देवघरापासून मोरीपर्यंत लागू. मांस-मच्छी नाही, आणि श्रावणात कांदा-लसूणसुद्धा नाही. "या छपराखाली जो राहील, तो या छपराचं पाळील," हे नाना इतक्यांदा म्हणत की छपरावरची कबुतरंही सोमवार करत असावीत असा मला संशय होता.

अशा घरात सुमतीकाकू वेंगुर्ल्याहून आल्या होत्या. मासळीच्या वासावर वाढलेली मुलगी, लग्नाच्या दिवशी मासे सुटले ते सुटले. तक्रार नव्हती. फक्त उन्हाळ्याच्या संध्याकाळी अंगणात बसल्या की म्हणत, "वारा सुटलाय छान. वास मात्र नाही हो त्याला." दर बुधवारी नवी पेठेत कापडाच्या एका दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या पेडणेकरबाईंकडे त्या भजनाला जात. पेडणेकरबाई त्यांच्याच गावाकडच्या. परत येताना काकूंच्या तोंडात विडा असे आणि चेहरा असा तृप्त, की नाना मला कोपर मारत. "नामस्मरणाचं तेज! लेबल बघा, लेबल!"

दुष्काळ नुकताच उलटला होता. नळ एक दिवसाआड. आणि नानांची रिटायरमेंट दसऱ्यावर आलेली. एके दिवशी ताक घुसळता घुसळता काकू म्हणाल्या, "सुटलात नोकरीतून की वेंगुर्ल्याला जाऊ. भाऊ अर्धं घर देतोय. समुद्राशिवाय खूप वर्षं काढली मी."

नानांचा चेहरा पडला. सोलापूर सोडायचं? दुपारी ज्या उन्हात कुत्रं रस्ता ओलांडत नाही, त्या उन्हात हा माणूस सुखाने घोरायचा. "तिथे धोतर चार दिवस वाळत नाही म्हणतात," ते मला म्हणाले. "मला बुरशी येईल हो, बँकवाले." मग हिय्या करून काकूंना म्हणाले, "समुद्रच इथे आणला तर?"

काकू हसल्या. "आणा. जगला तर राहते."

हसत म्हणाल्या, पण बोलल्या शब्दाला त्या किती पक्क्या हे नानांना ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी कामाला सुरुवात. पुढच्या खोलीत काचेची टाकी बसली. मुंबईहून मेलच्या गार्डांबरोबर काचेच्या मोठ्या बरण्यांतून खारं पाणी येऊ लागलं. बाहेर बायका हंडे घेऊन रांगेत आणि हत्तूरकरांच्या घरात पिता न येणारं पाणी टाकीभर! हवेसाठी पंप आला. वीज गेली तर लॉरीच्या ट्यूबमध्ये हवा भरून नळीवाटे सोडायची. शेवटी काकूंच्या भावाने एसटीने पाठवलेला डबा आला. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक दगड. पार्सल उघडताना मी नानांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दगड दिसायला गुळाच्या ढेपेसारखा. दुपारपर्यंत तसाच. मग त्याच्यावर एक नारिंगी कळी उघडली. मग हिरवी, मग शेजारच्या सगळ्या. सदऱ्याच्या गुंडीएवढी, झालरीची जिवंत फुलं. ते प्रवाळ होतं. काकू स्टूल ओढून काचेला नाक लावून बसल्या. मग म्हणाल्या, "बंदराच्या खडकावर असतात ही. बोट लावून मिटवायचो आम्ही, लहानपणी."

दगडाच्या भोकातून आणखी कोणीतरी आलं होतं. तिसऱ्या प्रहरी लांब मिशा बाहेर पडल्या, मागून लाल पट्ट्यांची एक कोळंबी. तिचे पुढचे दोन हात सारखे तोंडाशी, आचमन करावं तसे. डोळे अर्धे बाहेर, नजर शून्यात. नानांनी तिथल्या तिथे लेबल वाचलं. "सोवळ्यातलं दिसतंय कोणीतरी. शास्त्रीबुवाच!" त्या क्षणापासून ती कोळंबी पुल्लिंगी झाली. भावाने डब्यात सुकटही पाठवली होती. नाक धोतराच्या सोग्याने दाबून नाना ती चिमट्याने पाण्यात सोडत, आणि शास्त्रीबुवा ती दोन्ही हातांनी घेत. "प्रसाद कसा घेतात बघा! आमचे लोक डावा हात पुढे करतात."

आणि श्रावण लागला.

सुकटीचा डबा माझ्या खोलीत हद्दपार झाला. शास्त्रीबुवांना दाण्याचं कूट, सोमवारी भिजवलेला साबुदाणा. "या छपराखाली जो राहील..." नानांनी काचेपाशी वाकून त्यांना नियम समजावून सांगितला. शास्त्रीबुवांनी साबुदाण्याचा मणी हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवला, आणि आदराने दगडामागे नेऊन ठेवला. "बघा! निर्जळी धरतोय!" नानांचे डोळे पाणावले.

काकू मात्र अधूनमधून माझ्या खोलीत येत. "डब्याला मुंग्या लागल्या का बघते." झाकण उघडत, डोळे मिटून एक लांब श्वास घेत, आणि मुंग्यांबद्दल काही न बोलता खाली जात.

पहिलं फूल गेलं ते कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. दुसऱ्या सकाळी दगडावर एक पांढरा डाग दिसला, दात पडलेल्या हिरडीसारखा. मग रोज सकाळी एक नवा डाग. कुजलेलं फूल नाही, पाकळी नाही, काही नाही. रात्री होतं, सकाळी नव्हतं. घरातलं बोलणं कमी झालं. चहा पिताना सगळ्यांची पाठ टाकीकडे, आणि सगळ्यांचे कान पंपाच्या बुडबुड्यांकडे. नानांनी पाण्यावर संशय घेतला, मग माझ्या रेडिओवर, मग भांडी घासायच्या राखेवर. शास्त्रीबुवा कोपऱ्यात मिशा हलवत, हात जोडून उभे. "याला बिचाऱ्याला किती लागतंय बघा," नाना म्हणत. "शेजारी गेले की त्या जागेवर जाऊन उभा राहतो."

एका सकाळी मी जिना उतरत होतो. काकूंनी पलंगाखालची ट्रंक ओढून काढली होती आणि लुगडी घड्या करून आत ठेवत होत्या. नाना दारात उभे. "एवढ्यात?" त्यांनी विचारलं.

"डांबरगोळ्या घालून ठेवते," काकू म्हणाल्या. नानांनी ते लेबल वाचलं, पण या वेळी त्यांचा विश्वास बसला नाही.

भांडी घासायला येणाऱ्या वळसंगच्या शांताबाईंनी निदान केलं. "दिष्ट लागलीया की ह्येला. येनारा-जानारा बगतोय. झाकून ठिवा, नाना. माज्या म्हशीला लागली तवा आमी गोठ्याला चवाळं लावलं हुतं. लई गुन आला."

नानांनी घरातली सर्वांत जाड, मोरांची सोलापुरी चादर काढली आणि टाकीवर चारी बाजूंनी सोडली. आता भर दुपारीही समुद्रात काळोख. आणि फुलं दुप्पट वेगाने जाऊ लागली. संध्याकाळी चादर उचलायचं धाडस आमच्यात कुणाला होईना. उचलली की आमच्यापैकी कुणीतरी "गेलं आणखी" म्हणायचं आणि काकू आत जायच्या. शेवटी दगडावर एकच नारिंगी फूल उरलं, पहिल्या दिवशी पहिलं उघडलेलं.

बुधवार होता. काकू नुकत्याच नवी पेठेतून आलेल्या, तोंडात विडा. नाना जेवायला घरी आलेले. ताटं मांडली होती. नाना एकदम उठले, "असं चोरासारखं किती दिवस!" म्हणाले आणि त्यांनी चादर हिसकली.

शास्त्रीबुवा त्या नारिंगी फुलावर बसले होते. दोन्ही हातांनी झालर तोडत होते आणि आळीपाळीने तोंडात घालत होते. मान हलत होती, मिशा हलत होत्या. उजेड पडला तरी थांबले नाहीत. दगडामागे श्रावणातला सगळा साबुदाणा आणि दाण्याचं कूट बुरशी येऊन पडलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. सुकटीचा डबा त्याच दुपारी खाली गेला, श्रावण असूनसुद्धा, आणि पुन्हा वर आला नाही. ते फूल अर्धं उरलं होतं. दिवाळीपर्यंत त्याच्या बुडाशी दोन बारीक कळ्या फुटल्या. ट्रंक पलंगाखाली गेली. नाना रिटायर होऊन सोलापुरातच राहिले, सोलापुरातच गेले, आणि जाईपर्यंत दर बुधवारी काकूंना स्वतः नवी पेठेत पोचवत राहिले. काकू वर जात. नाना खाली कापडाच्या दुकानात पेपर उघडून बसत. वरून फोडणीचा वास आला की पान उलटत. मी एकदा म्हटलं, "वर जाऊन लेबल तरी बघा." तर म्हणाले, "पार्सल आपलं आहे, बँकवाले. पोचलं म्हणजे झालं."

पण हे सगळं ज्या वाक्यामुळे झालं ते राहिलंच. त्या दुपारी नानांच्या हातात चादर तशीच होती. शास्त्रीबुवांकडे बोट दाखवून ओरडत होते, "माझ्या छपराखाली राहून! समोर सोवळं आणि झाकल्यावर हे? असा ढोंगी प्राणी जगात दुसरा नसेल!" ताटातलं वरण थिजत चाललेलं. तेवढ्यात काकूंनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं :

"उपाशी ठेवल्यावर काय करेल तो? मी तरी दर बुधवारी पेडणेकरणीकडे काय टाळ कुटायला जाते होय?"